पुढचं अक्षर

कवीला गणपतीवर श्लोक करायला सांगितलं आहे. वृत्त ठरलेलं आहे. हातात कागद नाही, पेन नाही. समोर बसलेले एक पंडित म्हणतात, "पहिलं अक्षर 'ग' चालणार नाही." म्हणजे गणेश, गजानन, गणनाथ, गौरीनंदन सगळे दारातच अडले. कवी क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "मो." सभेच्या डोळ्यांपुढे मोदक येतो, ओठांवर मोरया येतो. पंडितांच्याही मनात तेच आलेलं असतं, पण त्यांना एकच अक्षर बंद करता येतं. ते म्हणतात, "द नको." मोदक गेला. आता सगळे मोरयाची वाट पाहतात, तर कवी म्हणतो, "ह." मोह. पुढे 'मोहनाशक' येणार असं ताडून पंडित 'न' बंद करतात. कवी 'जा' घेतो. मोहजाल. असं अक्षराअक्षराला अडवत, वळत, अकरा अक्षरांनी ओळ पुरी होते: मोहजाल तुटते तुझ्या कृपे. वृत्त रथोद्धता. लघु-गुरू जागच्या जागी, अर्थ नीट, आणि गणपतीला शोभेल अशी प्रार्थना.

हे उदाहरण मी मराठीत समजावं म्हणून रचलं आहे आणि बसून, खाडाखोड करून रचलं आहे. बंगळूरमध्ये हे कन्नड आणि संस्कृतात, भरसभेत, तोंडी घडतं. या प्रकाराला निषेधाक्षरी म्हणतात. अष्टावधान नावाच्या कलेतल्या आठ अंगांपैकी हे एक. बाकीची सात अंगं त्याच वेळी चालू असतात.

सर्जनशील कामातली अनिश्चितता हा या पुस्तकाचा विषय. चित्रकाराला पुढचा फटकारा माहीत नसतो, कादंबरीकाराला पुढचं प्रकरण माहीत नसतं, हे आपण ऐकून असतो. पण ती अनिश्चितता बंद खोलीत असते, तिला साक्षीदार नसतो आणि काम संपल्यावर सगळं आधीच ठरलेलं होतं असा आव आणायला मोकळीक असते. अवधानात ती सभेसमोर, मोठ्याने, एकेका अक्षरात उलगडते. म्हणून अनिश्चिततेत माणूस नेमकं काय करतो हे पाहायचं तर मला अवधानाइतकी स्वच्छ जागा दुसरी दिसत नाही.

आधी सभेची मांडणी समजून घेऊ. मधोमध अवधानी, म्हणजे रचणारा कवी. त्याच्याभोवती आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे. पहिला निषेधाक्षरीवाला. दुसरा समस्या देतो: श्लोकाची एक ओळ, जी वरकरणी मूर्खपणाची, अशक्य किंवा अश्लीलसुद्धा वाटेल, बाकीच्या तीन ओळी अशा रचायच्या की ती चौथी ओळ एकदम सरळ आणि सुंदर व्हावी. तिसरा दत्तपदीवाला. तो चार असंबद्ध शब्द देतो आणि ते चार ओळींत एकेक गुंफायचे असतात. चौथा चित्रकाव्य मागतो. त्यातली अक्षरं कमळाच्या पाकळ्यांत किंवा नागाच्या वेटोळ्यांत बसवली की ठरावीक ठिकाणी तेच अक्षर दोन वाटांनी वाचता यावं लागतं. पाचवा आशुकविता मागतो, विषय दिला की लगेच पद्य. सहावा जुन्या काव्यातलं एखादं पद्य गाऊन दाखवतो आणि ते कुणाचं, कुठल्या प्रसंगातलं, हे अवधान्याने ओळखून सांगायचं. सातवा संख्याबंधाचा: बहुधा पाच बाय पाच घरांचा जादूचा चौरस, कोणतीही ओळ मिळवली तरी बेरीज तीच यायला हवी, आणि पृच्छक मन मानेल तेव्हा मध्येच विचारणार, "तिसऱ्या ओळीतलं चौथं घर?" आठवा अप्रस्तुतप्रसंगाचा. त्याचं कामच लक्ष उडवणं. कवी गुंतला आहे असं दिसलं की तो बाजारभाव, सिनेमा, राजकारण, काहीही विचारतो आणि त्याला तिथल्या तिथे खुमासदार उत्तर द्यावं लागतं.

सभा चार फेऱ्यांत चालते. पहिल्या फेरीत अवधानी निषेधाक्षरीची फक्त पहिली ओळ रचतो, मग समस्येची पहिली, मग दत्तपदीची, मग चित्रकाव्याची. दुसरी ओळ पुढच्या फेरीत. म्हणजे चार श्लोक अर्धवट अवस्थेत डोक्यात ठेवून तो पुढे जात राहतो, आणि वर संख्यांची घरं भरतो, थट्टेला उत्तरं देतो. शेवटी धारणा. सगळे श्लोक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तो सलग म्हणून दाखवतो. दोन-अडीच तासांचा हा खेळ असतो, आणि प्रेक्षक त्याला क्रिकेटच्या सामन्यासारखी दाद देतात.

आज कन्नडमध्ये या कलेचं नाव निघालं की शतावधानी आर. गणेश हे नाव निघतं. 1962 मध्ये कोलारला जन्म, मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं शिक्षण, मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत धातुशास्त्र, आणि पुढे हंपीच्या कन्नड विद्यापीठातून अवधानकलेवरच डी.लिट. तेलुगू प्रदेशात अवधान जिवंत होतं. दिवाकर्ल तिरुपती शास्त्री आणि चेळ्ळपिळ्ळ वेंकट शास्त्री या तिरुपती-वेंकट कवींच्या जोडीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते गावोगाव नेलं होतं. कन्नडमध्ये मात्र परंपरा क्षीण झाली होती. गणेश यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती पुन्हा उभी केली आणि हजाराहून अधिक अष्टावधानं केली. 2012 मध्ये बंगळूरमध्ये संपूर्ण कन्नड शतावधान झालं. आठांऐवजी शंभर पृच्छक, आणि कार्यक्रम तीन दिवसांचा.

असली कला टिकायला तिला एक वस्ती लागते: जुनं काव्य कानावर असलेली, चूक पकडू शकणारी, आणि संध्याकाळी दोन तास खुर्चीवर बसायला तयार असलेली माणसं. दक्षिण बंगळूरमधली बसवनगुडी ही अशी वस्ती आहे. 1898 मध्ये शहरात प्लेग पसरला, जुन्या पेठेतली दाटी जीवघेणी ठरली आणि मोकळ्या रस्त्यांचे दोन नवे भाग आखले गेले, उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी. नाव जुन्या नंदीच्या देवळावरून. पेठ सोडून माळावर राहायला जाणाऱ्या त्या पहिल्या कुटुंबांना बदल मनाने हवा होता असं कोण म्हणेल? पण पुढच्या अर्धशतकात त्याच मोकळ्या रस्त्यांवर शाळा, कॉलेजं, ग्रंथालयं, गाण्याच्या सभा आल्या. 1943 मध्ये गांधी बाजारात विद्यार्थी भवन सुरू झालं, जिथे आजही डोशासाठी रांग लागते. 1945 मध्ये बी. पी. वाडिया यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर स्थापन केली.

त्याच 1945 मध्ये बुल टेंपल रोडवर आणखी एक संस्था सुरू झाली, आणि तिच्या पाटीवरचं नाव वाचून मराठी माणूस थबकतो: गोखले सार्वजनिक विचार संस्था. पुण्याची 1930 ची गोखले अर्थशास्त्र संस्था वेगळी. ही कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी काढली. कोतळूकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात कार्य केलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना डी.व्ही.जी. आपला आदर्श मानत. त्यांनी कन्नडमध्ये गोखल्यांचं चरित्र लिहिलं आहे. डी.व्ही.जी. मॅट्रिकच्या पुढे शिकले नाहीत. पत्रकारितेवर जगले, पैसा कधी साठला नाही, आणि 1970 मध्ये जाहीर सत्कारात मिळालेले नव्वद हजार रुपये त्यांनी या संस्थेला देऊन टाकले. त्यांचं 1943 मधलं 'मंकुतिम्मन कग्ग' हे 945 चौपद्यांचं पुस्तक कन्नड घराघरांत आहे. जग हे कोडं आहे, त्याचं उत्तर पूर्ण हाती येत नाही आणि तरीही नीट जगता येतं, हा त्या पुस्तकाचा गाभा. बसवनगुडीतल्या मुख्य रस्त्याला आज डी.व्ही.जी. रोड म्हणतात आणि ब्यूगल रॉकच्या बागेत त्यांचा पुतळा आहे. गोखले संस्थेत गणेश यांची काव्यशास्त्रावरची, महाभारतावरची, अभिजात कवींवरची व्याख्यानं वर्षानुवर्षं होत आली आहेत. अवधानाला लागणारा श्रोता अशा ठिकाणी तयार होतो.

आता मूळ प्रश्नाकडे. हे जमतं कसं?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या मनात येतं: अफाट स्मरणशक्ती. ते अपुरं आहे. अवधानाचा एक प्रकार खरोखर स्मरणाचा आहे आणि मुंबईने तो पाहिलेला आहे. 1887 मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये विशीही न गाठलेल्या रायचंदभाईंनी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांनी, शतावधान करून दाखवलं होतं. 1891 मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी त्यांची परीक्षा पाहिली. जवळचा परदेशी शब्दांचा साठा वाचून दाखवला आणि रायचंदभाईंनी ते सगळे शब्द त्याच क्रमाने परत म्हटले. गांधीजींनी आत्मचरित्रात हा प्रसंग नोंदवला आहे. ते अद्भुत होतंच. पण तिथे जे आत गेलं तेच बाहेर आलं. साहित्यावधानात जे बाहेर येतं ते आधी कुठेच नसतं. कवीला जो श्लोक लक्षात ठेवायचा आहे तो त्याला स्वतःलाच अजून माहीत नाही, आणि तो कसा होईल हे अंशतः समोरच्या अडवणाऱ्यावर अवलंबून आहे.

अधिक जवळचं उत्तर बुद्धिबळाच्या पटावर मिळतं. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी निष्णात खेळाडूंना खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवला आणि मोहरी पुन्हा मांडायला सांगितली. निष्णातांनी ती नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक मांडली. मग मोहरी वाटेल तशी विखरून ठेवलेला पट दाखवला, आणि निष्णातांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. त्यांचं सामर्थ्य नुसत्या स्मरणात नव्हतं. हजारो डावांत पाहिलेल्या आकृत्या मनात मुरल्या होत्या आणि वीस मोहऱ्या त्यांना चार-पाच ओळखीचे पुंजके म्हणून दिसत होत्या.

अवधान्याच्या मनात असे पुंजके वृत्तांचे असतात. शार्दूलविक्रीडित म्हटलं की एकोणीस जागा, म स ज स त त ग या गणांनी बांधलेल्या, त्याच्या कानात आधीच वाजत असतात. शाळेत ज्यांनी हे गण पाडले त्यांना आठवेल, सुरुवातीला ती शिक्षा वाटते. पुष्कळ वर्षं पुष्कळ काव्य मोठ्याने म्हटलं की ती चाल होते, आणि चाल झाली की ती मोजावी लागत नाही. वृत्ताचा साचा अर्धवट ओळ धरून ठेवतो. मन त्या ओझ्यातून मोकळं होतं आणि अर्थाकडे वळतं. शब्दांचंही तसंच. गणपतीसाठी ज्याच्याजवळ एकच नाव आहे तो 'ग' बंद झाल्यावर संपला. ज्याच्याजवळ वीस नावं आहेत, आणि नाव न घेताही गणपती उभा करण्याच्या आणखी वीस तऱ्हा आहेत, त्याला 'ग' बंद होणं ही फक्त एक गल्ली बंद होणं.

पण साठा पुरेसा नाही, आणि मला या कलेतलं सगळ्यात मोलाचं इथे सापडतं. साठा पुष्कळांकडे असतो. विद्वान पृच्छकांकडेही असतो. अवघड असतं ते मनात पूर्ण तयार झालेला शब्द सोडून देणं. 'मोदक' सुचला, तो चांगला होता, त्याच्यामागे पुढची पाच अक्षरं सुद्धा रांगेत उभी राहिली, आणि 'द' बंद झाला. अशा वेळी नवशिका कवी बंद झालेल्या शब्दाभोवतीच फिरत राहतो, त्याचाच प्रतिशब्द शोधतो, त्याचीच कल्पना दुसऱ्या वाटेने आत आणू पाहतो. तेवढ्यात वेळ जातो, लय तुटते. मुरलेला अवधानी 'मोदक' आणि त्याच्यामागची रांग दोन्ही एकदम सोडतो. त्याने हातात धरलेलं असतं ते फक्त उच्चारलेलं अक्षर, 'मो', कारण ते आता बदलता येत नाही. तिथून सगळं नव्याने. बदल स्वीकारणं म्हणतात ते प्रत्यक्षात इतकं बारीक काम आहे. झालेलं मान्य करायचं, ठरवलेलं सोडायचं, आणि या दोहोंत गल्लत होऊ द्यायची नाही.

लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. कथा पन्नास पानं झाली की लेखक ठरवलेल्या शेवटाशी लग्न करून बसतो आणि मग पात्रांना ओढत तिकडे नेतो. संपादकाने एक प्रसंग काढायला सांगितला तर तो तीच गोष्ट दुसऱ्या परिच्छेदात लपवून ठेवतो. वाचकाला ती ओढाताण कळते.

समस्यापूर्ती याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवते. भोजराजाच्या दरबारातली एक गोष्ट संस्कृत शिकलेल्यांना ठाऊक असते. समस्या म्हणून दिलेली ओळ म्हणजे नुसते 'ठ' आणि 'ठं' यांचे आवाज, अर्थ काहीच नाही. उत्तर देणाऱ्या कवीने त्या ओळीत अर्थ कोंबायचा प्रयत्न केला नाही. त्याने विचारलं, हा आवाज कुठे होईल? आणि पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटून जिन्याच्या पायऱ्यांवरून गडगडत गेल्याचं चित्र पहिल्या तीन ओळींत रंगवलं. निरर्थक ओळ जशीच्या तशी राहिली. तिच्याभोवतीचं जग बदललं. चांगल्या अवधान्याची ही सवयच होऊन जाते. अडचण आली की ती बदलता येते का, हे तो विचारत बसत नाही. ही अडचण कुठल्या जगात साहजिक ठरेल, ते जग तो शोधायला लागतो.

दत्तपदीही मराठीत करून बघावी, फार आनंद मिळतो. पृच्छक म्हणाला, वनवासातल्या रामावर श्लोक हवा, आणि शब्द घ्यायचे पोहे, वडा, चहा, भजी. नाश्त्याचा हा बेत घेऊन दंडकारण्यात कसं शिरायचं? पण पंडिती काव्याची मराठी कानात असेल तर वाट दिसते. गंगेत नाव पोहे, म्हणजे तरंगते. 'वडा' पुढे 'खाली' आलं की झाडाखाली राम विसावला. 'तोच हा' असं म्हणताना 'चहा' आपोआप येतो. आणि भरत मनोमन रामाला भजी, म्हणजे भजतो. चारही शब्द बसले आणि चारही खाण्याचे उरले नाहीत. शब्दाची रोजची ओळख क्षणभर बाजूला ठेवता आली तरच हे होतं.

गणेश यांनी ही कला जशी मिळाली तशी जपून ठेवली नाही, हेही सांगायला हवं. जुन्या अवधानांत घंटेचे ठोके मोजणं, पाठीवर पडलेली फुलं मोजणं अशी अंगं होती. ती लक्षाची कसोटी पाहत, पण काव्याशी त्यांचं नातं नव्हतं. कन्नड अवधानात काव्याचा भाग वाढला, चित्रकाव्यासारखं कठीण अंग आलं. त्यापुढे जाऊन चित्रकार बी. के. एस. वर्मा यांच्याबरोबर त्यांनी काव्यचित्राचे प्रयोग केले. रंगमंचावर एकीकडे वर्मा झपाट्याने चित्र काढत आहेत, दुसरीकडे गणेश त्याच विषयावर पद्य रचत आहेत. इथे अडवणारा पृच्छक नाही, पण सोबतीचा हात कुठे वळेल ते माहीत नाही. वर्मा 2023 मध्ये गेले. मंटप प्रभाकर उपाध्य या नटाबरोबर गणेश यांनी एकव्यक्ती यक्षगान उभं केलं, ज्यात एकच नट स्त्रीभूमिका घेऊन पूर्ण प्रयोग पेलतो. परंपरेचे अनेक पुजारी यावर नाराज होतात. मला वाटतं, ज्याने हजार वेळा तयार शब्द सोडायचा सराव केला आहे, त्याला तयार रूप सोडणं जड जात नाही.

यक्षगानाचा उल्लेख आला की कोकणातल्या माणसाला दशावतार आठवल्यावाचून राहत नाही, आणि ती आठवण योग्यच आहे. सिंधुदुर्गात आणि लगतच्या गोव्यात कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळींचे पेटारे देवळात येतात. रात्री कोणतं आख्यान करायचं हे पुष्कळदा त्याच संध्याकाळी ठरतं. लिखित संहिता नसते. पात्रं वाटली जातात, प्रवेशांचा क्रम ठरतो, एवढंच. मग आड दशावतार, म्हणजे पूर्वरंग, त्यात संकासुराची धमाल, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत आख्यान. दुर्योधन झालेला नट कृष्णाला काय विचारेल हे कृष्णाला माहीत नसतं. प्रश्न पुराणातला असेल, व्यवहारातला असेल, कधी जाणूनबुजून कोंडीत धरणारा असेल. कृष्णाने भूमिकेत राहून, त्या पात्राच्या तोंडी शोभेल असं उत्तर द्यायचं. पखवाज आणि पेटी संवादाच्या मागे तयारच असतात. शब्द कमी पडला तर पद सुरू होतं आणि तेवढ्यात श्वास घेता येतो. हे नट बंगळूरच्या पंडितांइतके ग्रंथ वाचलेले नसतात, पण कथा त्यांनी इतक्या रात्री, इतक्या बाजूंनी जगलेली असते की कुठल्याही वळणावरून परत मार्गावर येता येतं. अवधान आणि दशावतार यांच्यात जात, वर्ग, भाषा, रंगमंच सगळ्यांचं अंतर आहे. आतली रीत मात्र एकच आहे: आराखडा पक्का, शब्द मोकळा.

आपल्याकडे याची लेखी बाजूही आहे. बारामतीच्या मोरोपंतांनी रामकथा पुन्हा पुन्हा लिहिली आणि दर वेळी स्वतःवर नवं बंधन घातलं. निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरं नाहीत. रामाची कथा, आणि त्यात 'राम' म्हणता येत नाही! जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने 1969 मध्ये एका संपूर्ण कादंबरीतून फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त येणारा स्वर गाळला, तेव्हा जगभर त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्य झालं. मोरोपंत त्याच्या कितीतरी आधी, 1794 मध्येच वारले. आपण त्यांना शाळेत यमकांचे कवी म्हणून मार्कांपुरते वाचले आणि मिटले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बंधन घालून घेणारा कवी म्हणजे शब्दांच्या कसरती करणारा, असा समज आपल्या समीक्षेने रुजवला. 'राम' शब्द बंद केल्यावर दर ओळीला रामाकडे नव्या दिशेने जावं लागतं, कधी सीतेच्या नात्याने, कधी दशरथाच्या, कधी नुसत्या कृतीने. रोज त्याच देवाचं नाव घेणाऱ्या भक्ताला तो नव्याने दिसण्याची यापेक्षा प्रामाणिक युक्ती मला माहीत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण अनिश्चिततेचं गुणगान करणारी पुस्तकं ती बहुधा गाळतात. अवधान्याची अनिश्चितता आखलेली असते. किती फेऱ्या हे माहीत आहे, वृत्त माहीत आहे, पृच्छक अडवणारे असले तरी त्याचं यश इच्छिणारे आहेत. चांगला निषेधाक्षरी पृच्छक कवीला मारून टाकणारं अक्षर बंद करत नाही. त्याला चांगल्या शब्दाकडून अधिक चांगल्या शब्दाकडे ढकलतो. कलावंताच्या आयुष्यातली दुसरी अनिश्चितता, पुढच्या महिन्याचं घरभाडं, हंगाम संपल्यावरचे चार महिने, ही त्या जातीची नाही. दशावतारी नट पावसाळ्यात काय करतो हा प्रश्न 'बदलाला सामोरे जा' असं सांगून सुटत नाही. ती अनिश्चितता माणसाला नवे शब्द सुचवत नाही, असलेले गिळते. डी.व्ही.जीं.नी संस्था काढली, तिला पैसे दिले, कारण विचाराला मोकळं राहायचं तर त्याच्याखाली काहीतरी स्थिर लागतं हे पत्रकारितेच्या तुटपुंज्या कमाईवर जगताना त्यांनी पाहिलं होतं. गोखल्यांची 1905 ची भारत सेवक समाजाची कल्पनाही हीच होती: कार्यकर्त्याच्या निर्वाहाची सोय करायची, म्हणजे तो निर्भयपणे काम करू शकेल.

म्हणून नव्या पिढीला हे शिकवायचं तर प्रवचनापेक्षा आखलेला खेळ बरा. बंगळूरमध्ये तसं झालं आहे. गणेश यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी 'पद्यपान' नावाचा उपक्रम चालवला. नियमाने एखादी समस्या, एखादी दत्तपदी, एखादं चित्र द्यायचं, आणि कुणीही अभिजात वृत्तात पद्य करून पाठवायचं. पाठवणाऱ्यांत दिवसभर सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारे आहेत. सुरुवातीला मात्रा चुकतात, कुणीतरी दाखवून देतं, दुरुस्ती होते. अशा सरावातून पुढे काहीजण स्वतः अवधान करू लागले.

मराठीत याची सगळी सामग्री आहे. वृत्तांचा अभ्यास आहे, मोरोपंत आणि वामन पंडित आहेत, ओवी-अभंगांसारखे लवचीक छंद आहेत, कलगी-तुऱ्याच्या शाहिरांची रात्रभर चालणारी सवाल-जवाबांची झुंज आहे, आणि प्रत्येक कॉलेजात निदान दोघं-तिघं अशी आहेत ज्यांना गझलेची मात्रा चुकली की कानाला टोचतं. सुरुवात अष्टावधानाने करायची गरज नाही. चार जण बसावेत. एकाने विषय आणि वृत्त द्यावं, रथोद्धता चांगली, अकराच अक्षरं आहेत. दुसऱ्याने अक्षरं बंद करावीत, तिसऱ्याने मध्येमध्ये भलतंच काहीतरी विचारावं. चौथ्याने रचायला लागावं. ओळ अडली तर पृच्छकांनी एक निषेध मागे घ्यावा. बंगळूरच्या सभांतही पृच्छक आणि कवी यांचं नातं इतकं प्रेमाचं असतं. मग जागा बदलाव्यात, कारण अक्षर बंद करणाऱ्यालाही समोरच्याच्या मनातला शब्द ओळखावा लागतो, आणि ते रचण्याइतकंच शिकवणारं आहे.